बडोद्याचा गुल मोहम्मद

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाची फायनल झाली. एका बाजूला यजमान बडोदा, दुसऱ्या बाजूला इंदूरचा होळकर संघ. आदल्या वर्षी याच होळकर संघाने याच बडोद्याला हरवून करंडक नेला होता. या वेळी होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला, पण बडोद्याचीही सुरुवात काही बरी नव्हती. ९१ धावांवर तीन गडी बाद झाले. तेव्हा खेळपट्टीवर एकत्र आले सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल मोहम्मद.

दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला आणि सामना एक डाव व ४०९ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठीची ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी ठरली. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ती मागे टाकली. रणजीत ती आणखी दहा वर्षं टिकली. २०१६ मध्ये मोडली ती आपल्या महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी. चौथ्या गड्यापुरता विक्रम आजही हजारे-गुल मोहम्मद यांच्याच नावावर आहे.

आता या दोन फलंदाजांकडे आणि त्या मैदानाकडे जरा नीट बघा. हजारे मराठी ख्रिस्ती. गुल मोहम्मद पंजाबी मुसलमान. संघ गायकवाडांचा, शहर गुजरातमधलं, दरबार मराठी. समोरचा संघ मराठेशाहीतल्याच दुसऱ्या घराण्याचा, आणि त्याचा कणा म्हणजे नागपुरात जन्मलेले तेलुगू सी. के. नायडू. यातला 'आपला' कोण आणि 'परका' कोण, हे ठरवायला त्या दिवशी कोणी बसलं नव्हतं. प्रेक्षकांना एवढंच ठाऊक होतं की गुल मोहम्मद बडोद्याचा आहे.

त्याच मार्च महिन्यात गुल मोहम्मद यांचं लाहोर पेटलं होतं. पंजाबात खिज्र हयात खान यांचं सरकार पडलं, आणि लाहोर, अमृतसर, रावळपिंडीत दंगली उसळल्या. पाच महिन्यांनी लाहोर दुसऱ्या देशात गेलं.

क्रिकेटच्या इतिहासात गुल मोहम्मद यांचं नाव एका छोट्या यादीत येतं. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू तीनच: अब्दुल हफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल मोहम्मद. तिघंही लाहोरचे, आणि त्यातले दोघं, अमीर इलाही आणि गुल मोहम्मद, बडोद्याकडून रणजी खेळलेले. या यादीची ओळ क्विझच्या पुस्तकात असते आणि तिथेच संपते. अलीकडे ती समाजमाध्यमांवर फिरते तेव्हा तिच्याखाली 'गद्दार' हा शब्द चिकटवलेला असतो. हा लेख त्या शब्दासाठी लिहितो आहे.

सुरुवात १९४६ पासून करू. त्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत जे अकराजण उतरले, त्यांत विजय मर्चंट, विनू मंकड, अमरनाथ, हजारे, रुसी मोदी, सी. एस. नायडू, यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर आणि फिरकी गोलंदाज सदाशिव शिंदे होते. कर्णधार होते पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान. उरलेले दोघं म्हणजे गुल मोहम्मद आणि अब्दुल हफीज. गुल मोहम्मद यांची ही पहिलीच कसोटी. 'कारदार' हे आडनाव हफीज यांनी पुढे लावलं.

गंमत अशी की या संघात देश बदललेला माणूस आधीपासून होता, आणि तो खुद्द कर्णधार. पतौडी १९३२ मध्ये इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियात खेळले होते. त्या गाजलेल्या बॉडीलाइन मालिकेत सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी शतक ठोकलं. कर्णधार जार्डीनच्या डावपेचांशी त्यांचं जमलं नाही आणि दोन कसोट्यांनंतर त्यांना बसवण्यात आलं. इंग्लंडसाठी तीन आणि भारतासाठी तीन, अशा एकूण सहा कसोट्या ते खेळले. ज्या साहेबाच्या विरोधात देश लढत होता, त्याच्या संघातून खेळून आलेल्या माणसाला आपण कर्णधार केलं. त्याबद्दल कोणी त्यांना दोष देत नाही, देऊही नये. पण हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

ऑगस्ट १९४७ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या तयारीसाठी पुण्यात शिबिर भरलं. निवड झालेल्यांत लाहोरचा तरुण वेगवान गोलंदाज फजल महमूद होता. शिबिर आटोपेपर्यंत देशाचे दोन तुकडे झाले होते. पुण्याहून मुंबईला येताना रेल्वेत काही माथेफिरूंनी फजलला घेरलं, तेव्हा सोबत असलेले सी. के. नायडू बॅट हातात घेऊन मध्ये उभे राहिले. ही हकीकत स्वतः फजल महमूद यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मुंबईहून ते विमानाने कराचीला गेले, तिथून लाहोर गाठलं. घरी पोहोचल्यावर त्यांनी भारतीय संघातून नाव मागे घेतलं.

फजल यांनी जे केलं, तेच तेव्हा स्वाभाविक मानलं गेलं असतं. लाहोरचा माणूस, लाहोरला घर, लाहोर पाकिस्तानात. हिशेब सरळ आहे.

गुल मोहम्मद यांनी तो हिशेब केला नाही. ते भारतीय संघासोबत ऑस्ट्रेलियाला गेले. अमीर इलाहीही गेले. २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिस्बेनला स्वतंत्र भारताची पहिली कसोटी सुरू झाली, आणि त्या अकरांत गुल मोहम्मद होते. कर्णधार लाला अमरनाथ हेही लाहोरातच क्रिकेट शिकलेले. म्हणजे स्वतंत्र भारताचा पहिला कसोटी संघ मैदानात उतरला, तेव्हा त्यात लाहोरचा एक हिंदू होता, ज्याला आता लाहोरला परतता येणार नव्हतं, आणि लाहोरचा एक मुसलमान होता, ज्याला परतता येत होतं पण तो परतला नव्हता. गुल मोहम्मद त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या खेळले. अमीर इलाहींना सिडनीची एकच मिळाली. पावसाने धुतलेल्या त्या सामन्यात त्यांच्या हाती चेंडूच आला नाही. गोलंदाज म्हणून निवडलेल्या माणसाने भारतासाठीच्या एकमेव कसोटीत गोलंदाजीच केली नाही!

मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. फाळणीच्या वेळी तिकडे गेलेल्या मुसलमानासाठी उर्दूत 'हिजरत' हा शब्द वापरतात. त्याला मक्का-मदिनेचा संदर्भ आहे, पावित्र्य आहे. पाकिस्तानात गेल्यावर तोच माणूस 'मुहाजिर' झाला आणि तिथे हा शब्द पुढे टोमण्यासारखा वापरला गेला. मराठीत आपण साधं 'स्थलांतर' म्हणतो. चिडलो की 'पळून गेले' म्हणतो. यातला कुठलाच शब्द गुल मोहम्मद यांना नीट बसत नाही. लाहोरचा माणूस लाहोरला जातो त्याला हिजरत कसं म्हणणार? त्यांच्या बाबतीत सगळे विचारतात, 'तो गेला का?' मला विचारावासा वाटणारा प्रश्न उलटा आहे: घर तिकडे असताना हा माणूस एवढी वर्षं इकडे राहिला का?

एक उत्तर पोटाचं आहे. त्या काळी क्रिकेटवर घर चालवायचं तर संस्थानिकाच्या पदरी राहावं लागे. महाराज नोकरी देत आणि खेळाडू महाराजांच्या संघातून खेळे. सांगलीचे हजारे याच वाटेने बडोद्याचे झाले, लाहोरचे गुल मोहम्मदही. आज आयपीएलमध्ये जो प्रकार बघून आपण अचंबित होतो, तो आपल्या संस्थानांनी कधीच करून ठेवला होता. होळकरांनी तर युद्धकाळात भारतात असलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनलाही आपल्या संघात खेळवलं. दुसरं उत्तर सवयीचं. जिथे चार जण आपल्याला ओळखतात, जिथे आपल्या ३१९ धावा लोकांच्या तोंडी आहेत, ते शहर सहज सुटत नाही.

इथे उमरखेडला बसून हे समजणं मला अवघड जात नाही. आमच्या तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे हदगावच्या बाजूला निजामाचं राज्य. जुनी माणसं अजूनही पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणतात. माझं आजोळ मोगलाईतलं. आजी लग्न होऊन अलीकडे आली तेव्हा ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली, पण तिच्या लेखी ती फक्त नदी ओलांडून आली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात आले, १९६० मध्ये ते राज्य महाराष्ट्र झालं. आजीने यासाठी काहीही केलं नव्हतं. आमची हद्द पुसली गेली आणि गुल मोहम्मद यांच्या गावावरून नवी ओढली गेली, एवढाच फरक.

बडोद्यानंतर गुल मोहम्मद याच हैदराबादकडून रणजी खेळले. म्हणजे १९४७ नंतरही त्यांनी भारतातच संघ बदलला, देश नाही.

आता १९५२ चा ऑक्टोबर. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदाच कसोटी खेळायला भारतात आला. दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर पहिली कसोटी. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीज कारदार, लॉर्ड्सवरचे गुल मोहम्मद यांचे सहकारी. त्यांच्या संघात फजल महमूद, पुण्याच्या शिबिरातले. आणि चव्वेचाळीस वर्षांचे अमीर इलाही, बडोद्याचे जुने सोबती. भारताच्या संघात हजारे, आणि हो, गुल मोहम्मद. पाच वर्षांपूर्वी एकाच ड्रेसिंगरूममध्ये बसणारी माणसं समोरासमोर उभी होती. विनू मंकड यांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत एक डाव व ७० धावांनी जिंकला. पाकिस्तानला हरवणाऱ्या पहिल्या भारतीय संघात गुल मोहम्मद होते, हे 'गद्दार' म्हणणाऱ्यांनी एकदा धावफलक उघडून बघावं.

दुसरी कसोटी लखनौला झाली. तिथे फजल महमूद यांनी १२ बळी घेतले, नजर मोहम्मद यांनी नाबाद १२४ केल्या आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. गुल मोहम्मद यांची भारतासाठीची ती शेवटची कसोटी. त्यांना मुसलमान म्हणून वगळलं असं सांगणारे आपल्याकडेही भेटतात. मला तसं वाटत नाही. भारतासाठी ८ कसोट्यांत त्यांच्या १६६ धावा आहेत, एकही अर्धशतक नाही. कव्हरला त्यांच्यासारखा क्षेत्ररक्षक दुसरा नव्हता, पण नुसत्या क्षेत्ररक्षणावर किती दिवस निभावणार? त्याच दिल्ली कसोटीत हैदराबादचे गुलाम अहमद खेळले आणि पुढे भारताचे कर्णधारही झाले. प्रत्येक अपयशाला अन्यायाचं लेबल लावलं की खऱ्या अन्यायाची किंमत कमी होते.

अमीर इलाहींसाठी मात्र ही मालिका म्हणजे उशिरा मिळालेली मेजवानी होती. भारताकडून चेंडूही न मिळालेला हा माणूस पाकिस्तानकडून पाचही कसोट्या खेळला. मद्रासला अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनी ४७ धावा केल्या आणि झुल्फिकार अहमद यांच्यासोबत शेवटच्या गड्यासाठी १०४ धावा जोडल्या. या मालिकेनंतर ते कसोटी खेळले नाहीत.

गुल मोहम्मद १९५५ च्या सुमारास लाहोरला परतले. फाळणीला तोवर आठेक वर्षं झाली होती. संस्थानं गेली होती, राजाश्रय आटला होता, भारतीय संघाचं दार बंद झालं होतं आणि वय पस्तिशीकडे झुकलं होतं. ऑक्टोबर १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडहून परतताना कराचीला एक कसोटी खेळला. कर्णधार पुन्हा कारदार, समोरून गोलंदाजीला पुन्हा फजल महमूद, फक्त या वेळी दोघंही त्यांच्याच बाजूने. फजल यांनी १३ बळी घेतले. ऑस्ट्रेलिया पहिल्या डावात अवघ्या ८० धावांत गारद झाली. शेवटी पाकिस्तानला ६९ धावा हव्या होत्या. गुल मोहम्मद तिसऱ्या क्रमांकावर आले, २७ धावांवर नाबाद राहिले आणि विजयी धाव त्यांच्याच बॅटमधून निघाली. पाकिस्तानकडून त्यांची ही एकच कसोटी.

संघ धर्मावर बांधण्याची खोड आपल्याला फाळणीच्या आधीच लागली होती, तेही इथे सांगायला हवं. मुंबईत पंचरंगी सामने होत: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'द रेस्ट'. या शेवटच्या संघात ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरे उरलेसुरले. हजारे 'रेस्ट'मध्ये खेळत. एका फायनलमध्ये संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने केल्या होत्या. आपले लोक 'मुस्लिम' संघाच्या विजयाच्या आठवणी अजून चवीने सांगतात. १९४४ च्या फायनलमध्ये हिंदू संघाला एका गड्याने हरवलं, मुंबईच्या के. सी. इब्राहिम यांनी शतक काढलं, वगैरे. गांधीजींनी १९४० मध्येच या सामन्यांना विरोध केला होता, आणि ते बरोबर होते. हेच इब्राहिम पुढे भारताकडून कसोटी खेळले आणि नंतर कराचीला गेले. पंचरंगीत गुल मोहम्मद आणि हजारे एका बाजूने खेळूच शकले नसते. ५७७ धावा जमायला बडोदाच लागलं.

आता अलीकडची गोष्ट. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा डावखुरा गोलंदाज सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा मराठी मुलगा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला होता. मुंबईकडून एक रणजी सामना मिळाला, पुढे जागा मिळेना, म्हणून शिकायला अमेरिकेला गेला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने भारताविरुद्ध रोहित शर्माला बाद केलं आणि विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर. आपल्याकडे त्याचं कौतुक झालं. वर्तमानपत्रांनी त्याच्या शाळेचे, आईवडिलांचे, ऑफिसचे किस्से छापले. मलाही अभिमान वाटला.

शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात हाच विषय निघाला. एका मुलाने विचारलं, "सर, तो आपल्याविरुद्ध खेळला, तरी त्याला कोणी काही बोललं नाही?" मी सांगितलं, खेळाडूने देश बदलणं ही आता नियमात बसणारी गोष्ट आहे. ऑलिम्पिकच्या सनदेत तीन वर्षं थांबण्याची अट आहे, क्रिकेटमध्येही तीन वर्षांच्या वास्तव्याचा नियम आहे. तलवारबाजीपासून टेबल टेनिसपर्यंत शेकडो खेळाडूंनी झेंडा बदलला आहे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि त्याचं नाव सलमान असतं तर?"

वर्गात कोणी हसलं नाही. मी फळ्यावर तीन नावं लिहिली: पतौडी, गुल मोहम्मद, नेत्रावळकर. प्रत्येकासमोर दोन देश आणि वर्षं. मुलांनाच विचारलं की यातला कोण बदलला आणि कोणासाठी नकाशा बदलला. तासभर वाद झाला. पतौडींवर फार वेळ गेला नाही. नेत्रावळकर स्वतः गेला, शिकायला गेला, त्यात चूक काय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गुल मोहम्मद यांच्यापाशी मात्र मुलं अडली. मुलींच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, त्यांचे अब्बा-अम्मी कुठे होते?" हा प्रश्न क्रिकेटवर लिहिणाऱ्यांनी आजवर किती वेळा विचारला असेल?

गुल मोहम्मद पुढे लाहोरलाच राहिले, क्रिकेटच्या प्रशासनात काम केलं आणि १९९२ मध्ये तिथेच वारले. हजारे यांनी सांगली सोडून बडोदा धरलं ते कायमचं. २००४ मध्ये बडोद्यातच त्यांचं निधन झालं. दोघांपैकी शेवटी आपल्या जन्मगावी परतला तो गुल मोहम्मद.

इंदूरला राहिलेले मुश्ताक अली आणि हैदराबादचे गुलाम अहमद यांच्याविषयी मात्र स्वतंत्रच लिहावं लागेल. पुढच्या लेखात मुश्ताक अलींपासून सुरुवात करतो.